लक्षपट्टी आणि कुकरच्या शिट्ट्या

मुलांनो, आज आपण एक कल्पना करू. समजा, तुम्ही सातवीत आहात. जे सातवीतच आहेत, त्यांचं काम सोपं झालं. बाकीच्यांनी थोडं मोठं किंवा थोडं लहान व्हा.

आता तुमच्या कपाळावर एक पट्टी बांधली आहे. शाळेच्या रिबिनीएवढी रुंद, पापडासारखी पातळ. तिच्या आतल्या बाजूला तिळाएवढे सहा ठिपके आहेत आणि ते कातडीला टेकले आहेत. टोचत काहीच नाही. दोन मिनिटांनी पट्टी आहे हेसुद्धा विसरायला होतं. आता आवडीचं एखादं काम हातात घ्या. चित्र घ्या, गणित घ्या, सायकलची न वाजणारी घंटा घ्या. काम करता करता आजूबाजूचं सगळं हळूहळू पुसट होतं ना? पंखा ऐकू येत नाही, रस्त्यावरची गाडी ऐकू येत नाही. तुम्ही हरवता. ती पट्टी एवढंच मोजते. तुम्ही किती वेळ हरवलेले होतात आणि कितव्या मिनिटाला परत आलात.

हे अशक्य नाही. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक बारीक झटक्यांनी बोलतात. त्या बोलण्याची अगदी क्षीण लहर कवटी ओलांडून कपाळाच्या कातडीपर्यंत येते. मन एका कामात रुतलेलं असलं की ती लहर एका चालीनं चालते, आणि मन उडालं की चाल बदलते. आजही दवाखान्यात डोक्याला वायरी चिकटवून ही लहर कागदावर उतरवतात. माझ्या गोष्टीत वायरी गेल्या आणि पट्टी आली, एवढाच फरक.

गोष्ट आजपासून तेरा-चौदा वर्षांनंतरची आहे, आणि गाव आहे इचलकरंजी. गावात माग पुष्कळ. ताण्याचा, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुतांतला, एक धागा तुटला की माग थांबतो. मग कुणीतरी येऊन तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. धागा तुटतो एका क्षणात, पण जोडायला दोन मिनिटं जातात. म्हणून लक्षपट्टी म्हणजे काय, हे त्या गावातल्या लोकांना पटकन समजलं. लक्षही तुटतं क्षणात आणि जोडायला वेळ घेतं.

त्या काळात माग स्वतःच चालत, पण बिघडतही स्वतःच. त्यांना दुरुस्त करणाऱ्यांना लोक माग-डॉक्टर म्हणत. माग-डॉक्टर तयार करण्यासाठी गावातल्या एका संस्थेनं यंत्रशाळा काढली होती. सातवीनंतर प्रवेश, जागा चाळीस. सगळ्या शाळांमधून मुलं अर्ज करायची, आणि निवड करायचं एक यंत्र.

हे यंत्र शिकलेलं होतं. यंत्र शिकतं म्हणजे काय करतं? समजा, मी तुम्हाला हजार आंबे दाखवले आणि प्रत्येकाबद्दल सांगितलं, हा गोड, हा आंबट. दुसरं काहीच सांगितलं नाही. तुम्ही आपोआप खुणा शोधाल. पिवळा असेल तर गोड, वास येत असेल तर गोड. पण समजा, मी दाखवलेले सगळे गोड आंबे पेंढ्यात पिकवलेले होते आणि त्यांना एखादी काडी चिकटलेली होती. मग तुम्ही असंही शिकाल की काडी चिकटलेला आंबा गोड. यात तुमची लबाडी काहीच नाही. तुम्हाला दाखवलंच तसं.

यंत्रशाळेच्या यंत्राला आठ वर्षांतले उत्तम माग-डॉक्टर दाखवले होते, त्यांच्या पट्ट्यांच्या नोंदींसकट. त्यातून यंत्र एक गोष्ट शिकलं. ज्याचं लक्ष संध्याकाळी घरी, तासभर, न तुटता टिकतं, तो पुढे चांगला माग-डॉक्टर होतो. म्हणून अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाला एक पट्टी आणि एक पत्र्याचा डबा मिळायचा. डब्यात छोटी मोटर, दातेरी चाकं आणि तारा. डबा रोज स्वतःमध्ये एक नवा बिघाड करून ठेवायचा. एकवीस दिवस, संध्याकाळी सात ते आठ, घरी बसून तो शोधायचा. साठच्या वर आकडा आला की प्रवेश.

आता गिरिजाकडे येऊ.

गिरिजा बिरनाळे आणि मल्लिकार्जुन बिरनाळे ही जुळी भावंडं. गिरिजा अकरा मिनिटांनी मोठी, आणि ती हे मल्लूला रोज एकदा तरी ऐकवायची. वडील प्रभू सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात होते. आई शैला घडी खात्यात, विणून आलेलं कापड तपासून घड्या घालायची. घरात आज्जाही होते, वडिलांचे वडील. गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत.

गिरिजाला यंत्रशाळेत जायचं होतं. फार काही बोलायची नाही त्याबद्दल. पण घरातला मिक्सर, शेजारच्या काकूंचा पंखा, शाळेची पाण्याची मोटर, जे बंद पडेल तिथे ती जाऊन बसायची. मल्लूलाही जायचं होतं. तो हळू काम करायचा, पण मन लावून. एकवीस दिवसांत नऊ वेळा मल्लू अडला, आणि नऊही वेळा आठ वाजून गेल्यावर गिरिजानं त्याच्या डब्यावर नुसती नजर टाकून त्याला बिघाड सांगितला.

निकाल आईच्या फोनवर आला. आईनं तो मोठ्यानं वाचला.

"मल्लिकार्जुन प्रभू बिरनाळे, त्र्याऐंशी. निवड झाली." ती थांबली. "गिरिजा प्रभू बिरनाळे, एक्केचाळीस. पाल्याचे लक्ष वारंवार विचलित होते. तपासणी, घडी व ग्राहकसंवाद या शाखेसाठी शिफारस."

"बरं झालं, एक तरी लागलं," पप्पा म्हणाले.

"दोन बसली होती," आई म्हणाली.

"व्हय. पण यंत्रानं सांगितलंय की. मी सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, पोराची बाजू घेताय."

"पप्पा, हिला माझ्यापेक्षा जास्त येतंय," मल्लू म्हणाला. "माझ्या डब्यातलं नऊ वेळा हिनंच सांगितलंय."

"तू गप्प बस. लागलंय ते सांभाळ."

आज्जा कॉटवरून म्हणाले, "घडी खात्याला काय झालं? सावलीत काम हाय. आईच्या शेजारी बसंल."

आईनं फोन उलटा करून ठेवला. "घडी खातं वाईट नाही आज्जा," ती म्हणाली. "पण मला तिथं घालताना कुणी पट्टीसुद्धा बांधली नव्हती. तसंच बसवलं. हिला एवढी पट्टी बांधून पण तिथंच बसवायचं असंल, तर पट्टी कशाला?"

 गिरिजानं डबा उघडला, मोटर बाहेर काढली आणि परत आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आई आणि गिरिजा संस्थेच्या कचेरीत गेल्या. पप्पा नको नको म्हणत मागून आले. कचेरीत भोकरे मॅडम होत्या. पंचविशीच्या, बोलायला गोड. रागवायला तयार होऊन आलेल्या माणसाची अशा माणसापुढे फार पंचाईत होते.

"ताई, तुम्हाला वाटतंय ते मला समजतं," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या यंत्राला मुलगा-मुलगी कळतच नाही. तो रकानाच आम्ही काढून टाकलाय. नाव, आडनाव, जात, काही नाही. फक्त लक्ष. याच्याइतका न्याय माणसाकडूनसुद्धा होत नाही."

"मग चाळीसात मुली किती आल्या?" आईनं विचारलं.

"तीन."

"आणि अर्ज?"

"शंभरावर असतील. पण त्याला आपण काय करणार? लक्ष जे आहे ते आहे."

गिरिजानं तिचा आलेख बघायला मागितला. मॅडमनी बाराव्या दिवसाचा आलेख छापून दिला. सात वाजता सुरू झालेली रेघ उंच उंच जात होती आणि मग एकदम खाली पडत होती. पुन्हा चढत होती, पुन्हा पडत होती. प्रत्येक पडझडीखाली वेळ छापलेली होती.

गिरिजा त्या वेळा बघत राहिली. मग तिनं एकेका वेळेवर बोट ठेवायला सुरुवात केली.

"सात दहा. आज्जांना पाणी. सात चौदा, कुकर बंद केला. सात बावीसला पार्सलवाला आला होता, दार मी उघडलं. सात एकतीसला मल्लूला बिघाड लिहायला वही हवी होती. सात तेहेतीस..." ती थांबली. "सात तेहेतीसला पप्पांनी विचारलं, चार्जर कुठं हाय."

पप्पा खिडकीबाहेर बघू लागले.

"असेलही," मॅडम म्हणाल्या. "पण लक्ष तुटलं हे यंत्राला दिसतं. कुणी तोडलं, ते दिसत नाही. कारण लिहायला रकाना नाहीये."

"मग करा की रकाना," आई म्हणाली. "एक काढायला जमला, तर एक घालायला काय होतंय?"

मॅडम हसल्या. नियमाप्रमाणे कुणालाही फेरतपासणी मागता येते, असं त्यांनी सांगितलं. सात दिवस पुन्हा पट्टी, पुन्हा डबा. मात्र फेरतपासणीत जो आकडा येईल तोच शेवटचा. वाढला तरी तोच, घटला तरी तोच.

घरी येताना पप्पाच आधी बोलले. "आता सात दिवस सात ते आठ गिरिजाला कुणी हाक मारायची नाही. मी सांगतोय म्हणजे सांगतोय."

पहिल्या दिवशी सात वाजता गिरिजा पट्टी बांधून बसली. सात वाजून चार मिनिटांनी पप्पा अंघोळीला गेले आणि आतून आवाज आला, "गिरिजा, टॉवेल दे गं."

सगळ्यांनी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. मग आतूनच पुन्हा आवाज आला, "नको, नको. राहू दे. मल्लू, तू दे."

"माझी पण वेळ चालू असती तर?" मल्लू पुटपुटला आणि टॉवेल शोधू लागला. टॉवेल कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते गिरिजाला विचारलं.

त्यानंतर आज्जांनी एक युक्ती केली. ते म्हणाले, "मल्लू, जरा गिरिजाला सांग, माझी गोळी दे म्हणून." आपण नियम पाळला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आईसुद्धा चुकली. आई, जी कचेरीत एवढं बोलून आली होती. भाजी चिरता चिरता तिच्या तोंडून निघालं, "गिरिजा, मीठ..." आणि मग तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

आकडा आला त्रेचाळीस.

दुसऱ्या दिवशी गिरिजानं ठरवलं, हाक आली तरी उठायचं नाही. तिला चार हाका आल्या. ती एकदाही उठली नाही. दूध उतू गेलं, तरीही उठली नाही. आकडा आला चव्वेचाळीस.

"हे काय?" ती पट्टीकडे बघून म्हणाली. "मी उठलेच नाही की."

मुलांनो, आपलं नाव ही एक विचित्र गोष्ट आहे. शंभर माग खडखडत असले की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. पण त्या गदारोळात कुणी आपलं नाव घेतलं तर मान वळते. मेंदूचा एक कोपरा सतत आपल्या नावासाठी जागा असतो, झोपेतसुद्धा. म्हणून हाक ऐकून तुम्ही उठा किंवा बसून राहा, धागा तुटायचा तो तुटतोच.

तिसऱ्या दिवशी आईनं सगळ्यांना बाहेर काढलं. पप्पा आज्जांना रिक्षात घालून देवळात घेऊन गेले. मल्लू मित्राकडे गेला. आई स्वयंपाकघरात होती आणि तिनं तोंडात लवंग धरली होती, बोलायचं नाही ही आठवण राहावी म्हणून. घरात एक शब्द झाला नाही. आठ वाजता दोघींनी मिळून आकडा बघितला.

बावन्न.

 आईनं त्या दिवसाचा आलेख फोनवर उघडला. रेघ तीनदा खाली पडली होती, अगदी जवळजवळ. सात सोळा, सात अठरा, सात वीस.

"तेव्हा काय झालं?" आईनं विचारलं. "मी तर हूं का चूं केलं नाही."

गिरिजानं थोडा विचार केला. "कुकरच्या शिट्ट्या," ती म्हणाली. "तीन झाल्या की बंद करायचा असतो."

"मी होते की तिथं. तू कशाला मोजत होतीस?"

"मग कोण मोजणार?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. "मी पण मोजते," ती म्हणाली. "घडी खात्यात असते तेव्हा पण मोजते. तिथं कुकर नसतोय, तरी सहा वाजले की कान तिकडं जातोय. तेरा वर्षं झाली. मला वाटायचं, माझंच डोकं असलं हाय."

इथे मलाही गप्प बसवत नाही, म्हणून सांगतो. यंत्रानं काही खोटं सांगितलं नव्हतं. गिरिजाचं लक्ष खरंच तुटत होतं. ते तुटायची सवय तिला कुणी लावली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. मुलीचं कामात लक्ष नसतं, असं लोक पिढ्यान् पिढ्या म्हणत आले, आणि म्हणता म्हणता तिलाच हाका मारत आले. आता तेच वाक्य यंत्र म्हणू लागलं, आकड्यात. आकड्यात म्हटलेल्या वाक्याशी भांडणं फार अवघड असतं.

सात दिवसांनी सरासरी आली एक्कावन्न. साठाला नऊ कमी.

शाळेत निवडलेल्या तीन मुलींची नावं फलकावर लागली होती. त्यातली नसीमा मुजावर गिरिजाच्या वर्गातलीच. गिरिजानं तिला मधल्या सुट्टीत गाठलं.

"सात ते आठ तू काय करतीस?"

"अभ्यासाचा तास असतोय वसतिगृहात. घंटा होईपर्यंत उठायचं नाही. उठलं की बाई ओरडतात."

"आणि जेवण?"

"ते आचारी मामा करतात. का गं?"

"बाकीच्या दोघी कुठं राहतात?"

"त्या पण तिथंच. एक माझ्याच खोलीत."

गिरिजानं त्याच दुपारी आईच्या फोनवरून भोकरे मॅडमना फोन लावला आणि हे सांगितलं. तिन्ही मुली वसतिगृहातल्या. घरी राहणारी एकही नाही.

 मॅडम म्हणाल्या, "तिघीच आहेत, गिरिजा. योगायोग असू शकतो. हे बघ, मला पटत नाही असं नाही. पण येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी समिती बसणार आणि यादी कायम करणार. समितीपुढे मी काय ठेवू? एक मुलगी म्हणते?"

"मग काय लागतंय समितीला?"

"पुरावा. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलली, आणि आकडा बदलला. असं काही."

हे वाक्य मॅडमनी सहज म्हटलं असेल. पण मुलांनो, सगळं विज्ञान या एका वाक्यावर उभं आहे. दोन कुंड्या घ्या. माती तीच, बी तेच, पाणी तेवढंच. एक उन्हात ठेवा, एक अंधारात. मग जे दिसेल ते उन्हामुळेच. गिरिजाच्या घरात दोन कुंड्या होत्या. वय तेच, घर तेच, डबे तसलेच. एकीला हाका मारतात, एकाला मारत नाहीत.

संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं.

"मल्लूनं फेरतपासणी मागायची. आणि माझ्याऐवजी सगळ्या हाका त्याला मारायच्या."

"खुळी का काय," पप्पा म्हणाले. "फेरतपासणीचा आकडा शेवटचा असतोय. ऐकलं नाहीस? त्याचा साठाखाली आला तर त्याची पण जागा जाणार."

"म्हणूनच पुरावा हाय ना पप्पा. खाली आला तरच."

"हातातलं एक आलंय, ते पण घालवायचं?"

"ते एक म्हणताय," आई म्हणाली. "त्या एकाच्या पाठीमागं कुणी कुकर बंद केला?"

"मग मी काय करू? यंत्र मी केलंय?" पप्पांचा आवाज चढला. "सगळीकडं असंच हाय. माझी आई पण असंच करायची. कुणाकुणाला विचारत बसू?" ते उठले, चपला घातल्या आणि कुठेच न जाता दारात उभे राहिले.

 मल्लू वाईट मुलगा नव्हता. पण त्र्याऐंशी हा आकडा त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता, भोवती चौकट करून.

"मला जायचंय तिथं," तो हळूच म्हणाला. "मला पण जायचंय, गिरिजा."

"मला माहीत हाय."

"तुझं कमी आलं, त्यात माझी काय चूक?"

"चूक नाही तुझी."

"मग माझी जागा कशाला?"

  गिरिजा म्हणाली, "नको तर नको," आणि उठून भांडी लावायला गेली.

तीन दिवस भावंडं एकमेकांशी बोलली नाहीत. एकाच बाकावर बसून त्यांनी शाळा केली आणि खोडरबर लागला तर तो पुढच्या मुलाकडून मागितला. पप्पा जेवताना मल्लूची पाठ थोपटायचे आणि मल्लूला ते नकोसं व्हायचं.

चौथ्या दिवशी आईला कारखान्यातून यायला उशीर झाला. आईनं फोनवर सांगितलेलं म्हणून गिरिजा कुकर चढवून आज्जांची औषधं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. जाताना मल्लूला म्हणाली, "तीन झाल्या की बंद कर." तीन दिवसांतलं हे पहिलं वाक्य.

ती परत आली तेव्हा घरात जळका वास होता आणि मल्लू कुकरपुढे उभा होता.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मी मोजायला लागलो होतो. मग जरा वाचत बसलो, आणि..." तो ओशाळला. "ऐकूच आलं नाही मला. खरंच आलं नाही. तुला कसं येतंय?"

"कसं येतंय म्हणजे?"

"म्हणजे, तू डब्यात डोकं घालून बसलेली असतीस. बिघाड पण शोधतीस. आणि हे पण ऐकतीस. एकाच वेळी."

गिरिजानं खिडकी उघडली. "न ऐकून चालत नाही," ती म्हणाली.

मल्लू करपलेला भात खरवडत राहिला. बराच वेळ खरवडला. मग, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी मॅडमना फोन करतो."

पप्पा दोन दिवस त्याच्यावर चिडून राहिले. मल्लूनं ऐकून घेतलं आणि फोन केला. भोकरे मॅडम आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, निवड झालेल्या मुलानं फेरतपासणी मागितल्याचं आजवर झालेलं नाही, पण मागू नये असंही नियमात लिहिलेलं नाही. मंगळवारपर्यंत सातच दिवस होते. गिरिजाच्या बाराव्या दिवसाचा छापील आलेख आणि मल्लूचे हे सात दिवस, दोन्ही समितीपुढे शेजारी शेजारी ठेवीन, असा शब्द त्यांनी दिला. समिती काय म्हणेल याचा शब्द त्यांनी दिला नाही. कुणीच दिला नाही.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता मल्लू पट्टी बांधून बसला. त्याच्यापुढे डबा. गिरिजा समोरच्या खुर्चीत, हातात बाराव्या दिवसाचा कागद. तिनं ठरवलं होतं, वेळा त्याच ठेवायच्या, कामं तीच सांगायची. एक जास्त नाही, एक कमी नाही. नाहीतर प्रयोग कसला?

"म्हणजे मला तहान कधी लागायची, ते पण आता कागदावर," आज्जा म्हणाले.

"सात दहाला, आज्जा."

"बरं. थांबतो."

पप्पा दारात हाताची घडी घालून उभे होते. आई कुकरपाशी होती. घड्याळ पुढे सरकत होतं.

मल्लूनं मोटर बाहेर काढली. एक तार सोडवली, दुसरी सोडवली. पाच मिनिटांत त्याचा चेहरा बदलला. भुवया सैल झाल्या, ओठ जरासे उघडे राहिले. आजूबाजूची खोली त्याच्यासाठी पुसट होत गेली. गिरिजाला ते समोरून दिसत होतं. आपण डबा घेऊन बसलो की आपलाही चेहरा असाच होत असेल, हे तिला पहिल्यांदा कळलं. मल्लूनं छोटं दातेरी चाक उजेडाकडे धरलं. त्याचा एक दात झिजलेला होता. अजून अर्धं मिनिट, आणि त्याला ते दिसणार होतं.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली.

तिनं एकदा पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मान हलवली नाही, पण ते नाही म्हणालेही नाहीत. तिनं कागद गुडघ्यावर ठेवला.  घसा खाकरून मोकळा केला, कारण हाक स्पष्ट ऐकू जायला हवी होती.

"मल्लू," गिरिजा म्हणाली, "आज्जांना पाणी दे."